प्लॅस्टिकची वांगी, झेरॉक्सची नोट

नागपुरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हल्ली वर्षातून एकदा ‘मार्केट डे’ भरतो. पहिली-दुसरीतली पोरं भाजीवाल्यांच्या वेशात येतात. मुलींना नऊवारी, मुलांना धोतर-फेटा. गोकुळपेठेच्या बाजारात फेटा बांधून भाजी विकणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, पण ते असो. समोरच्या टोपल्यांत प्लॅस्टिकची वांगी, प्लॅस्टिकचे भेदरे (म्हणजे टोमॅटो) आणि कुणाच्या तरी आईने रात्री जागून थर्माकोलचे कोरलेले मुळे. प्रत्येक वस्तूची किंमत दहा रुपये. गिऱ्हाइकाच्या हातात झेरॉक्स केलेली दहाची नोट. नोट द्यायची, वांगं घ्यायचं, ‘थँक यू आंटी’ म्हणायचं, फोटो काढायचा. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मजकूर येतो: आमच्या चिमुकल्यांनी आज प्रत्यक्ष जीवनातून बेरीज-वजाबाकी शिकली.

कुठली वजाबाकी? दहाची वस्तू दहाच्या नोटेला गेली, सुटे परत द्यायची वेळच कुणावर आली नाही. त्या दिवशी त्या पटांगणात खरी वजाबाकी एकाच माणसाने केली असेल, तर ती वेशभूषेच्या दुकानात अनामत भरून खिशात काय उरलं ते मोजणाऱ्या बापाने.

मी खालचे वर्ग शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. रोजच्या व्यवहारातून गणित शिकवू या, असं आम्ही काही जणी घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो, तेव्हा उत्तर मिळायचं, ‘मग पोर्शन कोण पुरा करणार?’ आज आमचं तेच वाक्य सरकारी परिपत्रकात आहे, शाळेच्या रंगीत माहितीपत्रकात आहे, क्लासवाल्यांच्या फलकावर आहे. सगळ्यांना पटलं आहे. पटलं आणि त्याच दिवसापासून त्याचं सोंग सुरू झालं.

व्यवहार खरा कशाने होतो? आकडे गैरसोयीचे असावे लागतात. तेरा रुपयांचा सांबार (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कोथिंबीर म्हणावं), अठ्ठावीसचा पावशेर मुंगना (म्हणजे शेवगा), बावीसची वांगी. उत्तर चुकलं तर कुणाच्या तरी पदरचं काहीतरी जावं लागतं. आणि समोर एक जिवंत माणूस लागतो, जो म्हणेल, ‘काऊन बाप्पा, पाच कमी दिले ना तू!’ या तीनपैकी एकही गोष्ट नसलेल्या प्रकाराला प्रत्यक्ष जीवन म्हणणं ही फसवणूक आहे, आणि ती सहा वर्षांच्या पोरांची आहे म्हणून जास्त वाईट आहे.

जिल्हा परिषदेच्या काही शाळांत बालबाजार भरतो, तो बघा. पोरं घरची बोरं, चिंचा, परसातली भाजी, आईने तळून दिलेली भजी आणून मांडतात आणि गावातली माणसं खरे पैसे देऊन घेतात. तिथे नाणी हरवतात, भांडणं होतात, एखादी पोरगी सकाळचे आणि दुपारचे पैसे पुन्हा पुन्हा मोजते, कारण आजीकडून सुट्ट्यांसाठी घेतलेले वीस रुपये आधी बाजूला काढल्याशिवाय कमाई किती ते तिला कळत नाही. त्या पोरीला वजाबाकीचं प्रयोजन सांगायला कुण्या तज्ज्ञाची गरज नाही. पण या शाळांकडे चांगला कॅमेरा नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांची पोरं तिथे नसतात.

वर्गातल्या शाब्दिक उदाहरणांची गतही अशीच आहे. ‘रमाकडे आठ संत्री होती, तिने तीन दिली, किती उरली?’ यातली रमा कुणालाच ठाऊक नाही आणि संत्री खोटी आहेत, हे पोरं पहिल्या महिन्यात ओळखतात. मग आम्ही मास्तर लोक त्यांना चोरवाट दाखवतो: ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. झालं, पोरगं वाचणंच सोडून देतं. आता विचारा, ‘रमाकडे आठ संत्री आहेत, सीमापेक्षा ती तीनने जास्त आहेत, तर सीमाकडे किती?’ अर्धा वर्ग छातीठोकपणे अकरा सांगतो, कारण ‘जास्त’ हा शब्द दिसला.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणितशिक्षकांनी लहान मुलांना एक वेडगळ प्रश्न घातला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून वय सांगितलं. मेंढ्यांवरून माणसाचं वय निघत नाही हे त्या मुलांना कळत नव्हतं असं नाही. शाळेच्या गणितात असल्या शंका काढायच्या नसतात, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. हा प्रश्न आपल्या शाळांत घालून बघा. पोरगं कप्तानाला छत्तिसाव्या वर्षी उभं करेल आणि बाई बरोबरची खूणही करून टाकतील.

आता बाजारात या. त्रेसष्ट रुपयांची भाजी झाली, तुम्ही शंभराची नोट दिली. बुधवार बाजारातली मावशी हातचा-उसना करत बसत नाही. ती तुमच्या तळहातावर ठेवत जाते: हे दोन, पासष्ट. हे पाच, सत्तर. हे दहा, ऐंशी. हे वीस, शंभर. वजाबाकी तिने बेरजेने केली, प्रत्येक पायरीवर तुम्हाला साक्षीदार केलं, आणि चूक झाली असती तर तिथल्या तिथे दिसली असती. किती देणं लागतं हे तिला वेगळं काढून बघायची गरजही पडली नाही.

तेच १०० वजा ६३ दुसरी-तिसरीच्या पोराला उभ्या मांडणीत द्या. शून्यातून तीन जात नाहीत, शेजारी उसने मागायला जा, शेजाऱ्याकडेही शून्य, मग त्याच्या शेजाऱ्याकडे. बरीच पोरं या पायपिटीला कंटाळून मोठ्यातून लहान काढून मोकळी होतात. शून्य आणि तीन, तीन. शून्य आणि सहा, सहा. वरचा एक तसाच खाली. उत्तर १६३. म्हणजे शंभर रुपये घेऊन बाजारात गेलो, त्रेसष्टची भाजी घेतली आणि एकशे त्रेसष्ट घेऊन परत आलो. असं उत्तर लिहिणारं पोर मूर्ख नसतं. त्याच पोराला शंभराची खरी नोट देऊन दुकानात पाठवलं तर ते एकशे त्रेसष्टची अपेक्षा करणार नाही. कागदावरचे आकडे म्हणजे पैसे आहेत, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. आणि मावशीसारखं वर चढत जाऊन एखाद्याने सदतीस काढलेच, तर रीत दाखवली नाही म्हणून आम्ही त्याचा अर्धा गुण कापतो. हे मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासताना पाहिलेलं आहे, आणि कापणाऱ्या बाई स्वतः भाजीवालीकडून सुटे याच पद्धतीने मोजून घेत असत.

इथवर वाचून कुणी ‘म्हणजे शाळा सोडा, पोरांना बाजारात बसवा’ असं म्हणणार असेल, तर त्याने जरा थांबावं. रस्त्यावरच्या गणिताचं कौतुक करणारी एक जमात आहे, तीही मला तितकीच नको आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तिथल्या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले आणि मग तीच गणितं कागदावर घातली. ते निष्कर्ष १९८५ साली छापून आले. गाडीवर ९८ टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या कोऱ्या आकड्यांत जेमतेम ३७ टक्के. तो निबंध शिक्षणाच्या परिषदांतून इतका मिरवला गेला की सगळे फक्त पहिला आकडा लक्षात ठेवून घरी गेले.

दुसऱ्या आकड्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो २०२५ साली आपल्याच देशातून परत आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास छापला. आठशे ग्रॅम बटाटे वीस रुपये किलोने, एक किलो चारशे ग्रॅम कांदे पंधरा रुपये किलोने, दोनशेची नोट, तर परत किती? असला हिशेब बहुतेक मुलांनी तोंडी केला. (एकशे त्रेसष्ट. इथे मात्र हे उत्तर बरोबर आहे.) याच मुलांना दोन अंकी संख्यांच्या दोन साध्या वजाबाक्या कागदावर दिल्या, तेव्हा दोन्ही वेळा बरोबर करणारी जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त निघाली. आणि बाजारात न बसणारी शाळकरी मुलं? त्यांना कागदी गणित बरं जमलं, पण बाजारातला हिशेब तोंडी करायला सांगितला तर बोटावर मोजण्याइतकीच टिकली. दोन्हीकडची मुलं हुशार. पण एका काठावरचं दुसऱ्या काठावर आपोआप जात नाही. ते नेऊन पोचवण्यासाठीच मास्तर नावाच्या माणसाला पगार मिळतो.

ते कसं न्यायचं याचा धडा शोधायला ब्राझील किंवा फिनलंडला जायची गरज नव्हती. नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर तो घालून दिलेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, विनोबा आणि काकासाहेब कालेलकर तिच्यात होते, आणि पुढे सेवाग्रामात आर्यनायकम् आणि आशादेवींनी नई तालीमची शाळा चालवली. तिथे शिकणं सूतकताईसारख्या हातकामातून चाले. आता सूतकताई म्हटलं की आपल्याला चरख्याचा फोटो आठवतो. त्यातलं अंकगणित कुणाला आठवत नाही. सुताचा एक तार चार फुटांचा. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे ६४० तार. आठ वर्षांच्या पोराने आज ११७ तार काढले, तर लटी पुरी व्हायला किती हवेत? हा प्रश्न त्याला कुणी विचारायचा नसतो, तो त्याच्याच मांडीवर असतो. पेळू किती घेतले, सूत किती भरलं, वाया किती गेलं, ही रोजची तोंडमिळवणी. मुख्य म्हणजे हा हिशेब वहीत लिहायचा, रोजच्या रोज, आणि तो उद्याच्या हिशेबाशी जुळायला हवा. बाजार आणि कागद यांच्यामधला पूल तो हाच. नई तालीमचं सगळंच मला मान्य नाही. पोरांच्या कमाईवर शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी त्याच वेळी विरोध केला होता, आणि मला तो रास्त वाटतो. पण गणित कामातून उगवून वहीत उतरतं, ही गोष्ट तिथे नाटकाशिवाय होत होती. पुढे बुनियादी शाळा सरकारी झाल्या, टकळी तासापुरती उरली, हिशेब नेहमीच्या फळ्यावर गेला. आज सेवाग्रामला सहली जातात. पोरं बापूकुटीसमोर रांगेत उभी राहून फोटो काढतात आणि परततात. बसच्या भाड्याची दर डोई विभागणी त्यांच्याकडून करून घ्यावी, असं एकाही शाळेला सुचत नाही.

आपल्याकडची हुशारी दुसरीकडे चालते. प्रतापनगर, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, कुठेही जा, एका गल्लीत ॲबॅकस, पुढच्या गल्लीत वैदिक गणित. ॲबॅकसवाल्या पोरांची बोटं हवेत चालतात, बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. वैदिक गणिताचं तर नागपूरशी आपुलकीचं नातं आहे. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ साली विश्व पुनर्निर्माण संघ इथेच काढला, आणि त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे १९६५ साली निघालं. त्यातली सूत्रं वेदांच्या ज्ञात ग्रंथांत जशीच्या तशी सापडत नाहीत, हे त्या पुस्तकाच्या संपादकांनीही लपवलेलं नाही. क्लासच्या फलकावर मात्र ऋषी असतात. हजारातून ३८७ काढायचे तर आधीचे अंक नवातून आणि शेवटचा दहातून: ६१३. क्लृप्ती झकास आहे, मलाही आवडते. पण नवातूनच का, असं त्या पोराला विचारा. त्याला सांगता येत नाही, कारण क्लासने सांगितलेलं नसतं, आणि क्लासने सांगितलेलं नसतं कारण पालकांना वेग विकत घ्यायचा असतो. या अशा एका वेगवान पोराला मी चिवड्याच्या दुकानात म्हटलं, पंचेचाळीसचा पुडा आहे, ही नोट दिली तर काका किती परत देतील बघ. तो म्हणाला, ‘आजी, पप्पा स्कॅन करतात.’

इथे शाळेइतकंच घर दोषी आहे. २०१६ च्या नोटबंदीनंतर आणि मोबाइलच्या पैशांनंतर मध्यमवर्गीय घरांत चिल्लर दिसेनाशी झाली. पूर्वी ‘जा, अर्धा पाव तेल आण, सुटे मोजून घे’ म्हणत आई दिवसातून चारदा गणिताचा तास घ्यायची आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा. आता दहा मिनिटांत सामान दारात येतं, पैसे कुठून कसे गेले ते पोराला दिसत नाही, दुकानात एक यंत्र ‘प्राप्त हुए’ म्हणून ओरडतं. एवढं करून तेच आईबाप पालकसभेत विचारतात, ‘मॅडम, याचं सबट्रॅक्शन वीक का आहे?’ अहो, त्याने आजवर हातातून गेलेला एक रुपयासुद्धा पाहिलेला नाही. वर्धा रोड ओलांडून पोराला एकट्याला दुकानात पाठवा असं मी म्हणत नाही. आपले रस्ते मला माहीत आहेत. पण मागे उभं राहून पोराला पुढे करता येतं. त्यासाठी पाच मिनिटं लागतात आणि मागच्या गिऱ्हाइकाचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, एवढंच.

आणि सरकार? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ छापलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटला होता. मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाईंना चॅनलवर ओरडून जाब विचारले गेले, विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. मला स्वतःला तो बदल वाईट वाटला नव्हता, पण तो मुद्दा नाही. वर्गातल्या पोरांना सुटे मोजता येतात का, हा प्रश्न त्या गदारोळात एकानेही काढला नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण तिनात एकालाच दोन अंकी हातच्याची वजाबाकी आली. त्यावर कोट्या झाल्याचं आठवत नाही. २०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक पोराला पायाभूत वाचन-गणित येईल असं ठरलं. शिक्षकाच्या वाट्याला त्यातून काय आलं? उपक्रम घ्या, फोटो काढा, लिंक भरा. ज्या बाईला चाळीस पोरं आणि एका बाजूला पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब सांभाळायचा आहे, ती उपक्रमाचा फोटोच काढणार.

खरं तर तो तांदळाचा हिशेबच पोरांच्या हाती द्यावा. काल पोत्यात किती होता, आज किती शिजला, उद्याला किती उरतो. शाळेत खोटा नसलेला एवढा एक आकडा आहे, आणि तो कपाटात कुलपाखाली. कदाचित म्हणूनच तो तिथे असावा.

हातच्याची वजाबाकी शिकवायला मी एकदा बँकेतून रुपया-रुपयाच्या नाण्यांची थैली आणली होती. शंभराची एक नोट पोरांसमोर मोडली: दहाच्या दहा नोटा. त्यातली एक पुन्हा मोडली: दहा नाणी. आता द्या मला त्रेसष्ट. सहा नोटा गेल्या, तीन नाणी गेली, तीन नोटा आणि सात नाणी राहिली. मग तेच फळ्यावर उभ्या मांडणीत लिहिलं, कुठे काय मोडलं ते दाखवत. त्या दिवशी ‘उसना’ या शब्दाची गरजच पडली नाही. साहित्य म्हणून लागली ती शंभराची नोट आणि बँकेच्या रांगेतला थोडा वेळ. बाकी नाणी मोजताना दोन कमी भरली, आणि ती कुणाच्या खिशात गेली ते शोधण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास माझ्या टाचणवहीत ‘पुनरावृत्ती’ म्हणून नोंदलेला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात आणि बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे. प्लॅस्टिकच्या वांग्यांचा बडग्या अजून कुणी काढलेला नाही, यंदा काढावा. त्याच दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात आणि बोजारा गोळा करतात. कुठे दहा, कुठे वीस, एखाद्या श्रीमंत काकांकडे पन्नास, कुठे नुसता खाऊ. नागपूरच्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या हाती स्वतःची म्हणावी अशी रक्कम येते ती या एका दिवशी. ते पोर ती इतक्यांदा मोजतं की नोटा मऊ पडतात. आणि रात्री आई म्हणते, ‘दे इकडे, मी ठेवते.’ ठेवलेल्या पैशाचा हिशेब त्याला पुन्हा कधीही दिसत नाही.

यंदा तो बोजारा त्याच्याच डब्यात राहू द्या, दिवाळीपर्यंत. एक लहान वही द्या: आले किती, गेले किती, आहेत किती. तो पहिल्याच आठवड्यात निम्मे पैसे चिप्सवर उडवेल. उडवू द्या. वहीत एकशे दहा आणि डब्यात नव्वद निघाले तर तुमचं सगळ्यात आवडतं काम करू नका, म्हणजे स्वतः मोजून त्याला उत्तर सांगू नका. आणि घरात कधी सुट्ट्यांची नड पडली तर त्या डब्यातून उसने घ्या, वहीत त्याच्या हाताने लिहून, आणि परत करताना त्याने मोजल्याशिवाय उठू नका.